मधल्या ओट्याचे तीन प्लग

६ जानेवारी, सोमवार
कारखान्याच्या इलेक्ट्रिकल स्टोअरमध्ये एकतीस वर्षं रोज नोंद ठेवली. रिटायर झाल्यापासून चौदा महिने कोरे गेले. आजपासून पुन्हा नोंद. विषय : आयलंडला प्लग.

बावड्यातल्या ह्या नव्या घरात किचनच्या मधोमध एक ओटा आहे. त्याला आयलंड म्हणायचं. आर्किटेक्ट पुण्याचा. त्याने बेट बांधलं आणि बेटावर वीज न्यायला विसरला. असल्यांना डिग्र्या कोण देतं कळत नाही. राधानगरीची माझी बहीण झुंबरबाई आली की पिशवीसकट त्यावर चढून बसते आणि कट्टा झकास झालाय म्हणते. तिला तरी उपयोग कळला.

सौ. वर्षाराणीला तिथे तीन प्लग हवेत. ओव्हनला एक, बीटरला दोन. वीस तारखेपासून ती केकचा क्लास काढतेय. आठ बायकांनी नावं दिली आहेत. भाकरी नीट थापता येत नाही, निघाल्या केक शिकायला. चमन वायरमनला सांगू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, घरात इलेक्ट्रिकलचा माणूस असताना बाहेरचा कशाला. ती फोन घेऊन आत गेली. म्हणजे पटलं.

७ जानेवारी
चमन आलाच. सौ.ने आधीच निरोप धाडला होता. शिक्षण सातवी, पण अर्ध्या बावड्याचं वायरिंग ह्याचं. उकिडवा बसून टाइलवर बोटं वाजवली आणि सांगून मोकळा. फ्रीजमागनं दोन टाइल काढू, पाइप टाकू, चार एमेमची जाड वायर, अर्थिंग, एमसीबी येगळा, एक दिसाचं काम हाय सायेब. मी विचारलं, चार एमेमच्या कॉइलचा स्टोअर कोड काय? सांगता आला नाही. पाठवून दिला.

९ जानेवारी
माळ्यावरून लाल कॉइल काढली. एक एमेम, ९८ साली घेतलेली, अजून प्लॅस्टिकमध्ये. हल्लीच्या वायरीत तांबं असतं कुठे.

हार्डवेअरच्या दुकानात चमन पुन्हा भेटला. माझ्या काखेतली कॉइल बघून म्हणाला, ह्या वायरीवर टेबलफॅन बी दमतोय सायेब, ओव्हन कुठला घेऊन बसलाईसा. दुकानदार हसला. दोघंही सारखेच अडाणी. मी स्क्रू घेऊन निघालो.

११ जानेवारी, शनिवार
कटर मशीन आणलं. दोन टाइल कापायच्या होत्या. पाच फुटल्या. टाइल हलक्या प्रतीच्या आहेत, हे आजच उघडकीस आलं. बरंच झालं.

धूळ पिठाच्या डब्यात गेली म्हणून सौ. बडबडली. मग म्हणाली, क्लास संयोगिताकडे हलवू का. संयोगिता म्हणजे शेजारच्या गणपतरावांची सून. तिला केकमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिच्या किचनला सात प्लग आहेत. क्लास तिकडे गेला की तिचाच झाला, हे सौ.लाही कळतं. ती फुटलेल्या टाइलकडे बघून बोलत होती. मी म्हणालो, वीस तारखेला प्लग चालू. शब्द म्हणजे शब्द.

१४ जानेवारी, संक्रांत
काम बंद. तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. घरात कोणी बोललंच नाही.

१६ जानेवारी
वायर ओढली. ओट्याच्या बाजूला भोकं पाडली. एकूण सात, पैकी कामाची तीन. प्लेटा किंचित तिरप्या आहेत, पण ते लांबून बघितलं तरच. अर्थिंगची वायर टाकली नाही. स्टोअरमध्ये ते सामान दुसऱ्या कपाटात असायचं, माझ्याकडे नव्हतं.

१७ जानेवारी, सायंकाळी ६.१०
बटण दाबलं. अख्खं घर अंधारात.

६.२५
पुन्हा. पुन्हा अंधार. बोर्डातले एमसीबी नाजूक आहेत, लगेच पडतात.

६.४०
तिसऱ्यांदा. थोडा वास आला. नव्या वायरीला येतोच. गणपतराव गेटवर येऊन विचारत होते, लाईट समद्यांची गेलीया का तुमचीच? टेस्टिंग चालू आहे, असं सांगितलं. एवढं सांगूनही पाच मिनिटं उभे. ह्या माणसाला घरात काही कामच नसतं.

१८ जानेवारी, शनिवार, राधानगरी
झुंबरबाईच्या नातवाचं बारसं. सौ. आली नाही, क्लासची तयारी आहे म्हणे. माझी बॅग मात्र तिने स्वतः भरली, आणि दोन दिवस राहाच म्हणाली. एवढा आग्रह तिने लग्नानंतर पहिल्यांदाच केला. माझ्या कष्टाची जाणीव झालेली दिसते.

२० जानेवारी, सोमवार
सकाळी परतलो. बटण दाबलं. चालू! तिन्ही प्लग. ओव्हन, बीटर, सगळं. कारण सरळ आहे. वायर मुरली. लोणच्यासारखंच असतं ते, दोन दिवस हात लावायचा नाही. चमनसारख्यांना हे कोण सांगणार? त्यांना एका दिवसात काम उरकायचं असतं.

टाइलही बसलेल्या. खोक्यात उरल्या होत्या त्या गवंड्याकडून बसवून घेतल्या, असं सौ. म्हणाली. ते मजुराचं काम, मी करणारच नव्हतो. प्लेटाही आता सरळ वाटतात. ड्रॉवरमध्ये एक टेस्टर सापडला. माझाच असणार.

तीन वाजता आठही बायका हजर. त्यांतल्या संयोगिताने विचारलं, काका, एवढं सगळं तुम्ही एकट्यानं केलं? मी हो म्हणताच ती घाईने वळून ओव्हनमध्ये बघू लागली. लाजाळू मुलगी. सौ.ने केकचा पहिला तुकडा मला दिला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. चौदा महिने ह्या घरात मला कोणी काही विचारत नव्हतं.

२४ जानेवारी
रस्त्यात चमन भेटला. थांबवून समजावलं. घाई करू नये, वायर मुरू द्यावी. मान खाली घालून ऐकत होता. व्हय सायेब, म्हणाला. बुद्धी बेताची आहे, पण शिकण्याची वृत्ती आहे.

२९ जानेवारी
गणपतरावांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला रविवारी दहा वाजता घरी बोलावलंय. प्रात्यक्षिक. गेटवर फ्लेक्स लावतोय : ‘स्वावलंबी वीजतज्ज्ञ श्री. आकाराम यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार.’ मजकूर मीच लिहिला, मित्र परिवाराला शुद्धलेखन कुठलं येतंय. फोटो माझाच, स्टोअरमधला, टाय घातलेला.

सौ. म्हणाली, नका हो करू हे. दोनदा म्हणाली. बायकोला नवऱ्याचं कौतुक बघवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
अकरा जण आले. आयलंडभोवती उभे केले. वायर मुरण्याची थिअरी सांगितली. मग आतलं काम दाखवायला प्लेट उघडली.

आत जाड पिवळी, काळी, हिरवी वायर. ती मी टाकलेली नव्हती. माझी लाल वायरही तिथेच होती. तिची नीट घडी घालून, टेप गुंडाळून कोपऱ्यात सरकवलेली. तिची दोन्ही टोकं मोकळी.

ती कुठून आली बघायला पिवळी ओढली. मेन बंद करायचा राहिला होता. फट्‌ झालं आणि घर बंद पडलं. हाताला मुंग्या आल्या, बाकी काही नाही. गणपतराव म्हणाले, चला रं, ऊन व्हायलंय. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सौ.ने मग सांगितलं. मी राधानगरीला होतो त्या शनिवारी चमन सकाळी आला, संध्याकाळी काम संपवून गेला. ह्यांना सांगू नका, असं तिनेच त्याला बजावलं होतं. आठही बायकांना माहीत होतं. म्हणजे मी रस्त्यात चमनला थांबवून अक्कल शिकवली तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. तो व्हय सायेब म्हणाला होता.

मी चिडलो. मला आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं. ती म्हणाली, तुमी किती खूश होतासा.

फ्लेक्स काढला. उद्या तीन वाजता क्लास आहे आणि प्लग बंद. चमनला फोन कर म्हणालो. ती म्हणाली, मी करणार नाही, ह्या वेळी तुम्हीच करा. तासभर फोन हातात घेऊन बसलो. मग केला.

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ८
चमनभाई आले. कालच्याबद्दल एक शब्द विचारला नाही. आधी मेन बंद केला. किचनमध्ये अंधार होता, म्हणून माझ्या हातात बॅटरी दिली आणि ओट्यापाशी बसायला सांगितलं. बसलो.

जरा सरळ धरा सायेब, असं ते तीनदा म्हणाले. मी सरळच धरली होती. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी धरली.