कृपया कुणीही उतरू नये

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांतून गुडघे वगळ. तुझे दुखतात म्हणून, आणि माझे तुझ्यासमोर यायच्या नुसत्या कल्पनेनं लटपटतात म्हणून.) इकडे सगळे खुशाल. तुझी तब्येत कशी आहे हे विचारणार होतो, पण भावजी म्हणाले, तिला काही झालेलं नाही, आवाज चांगला खणखणीत आहे आणि तो रोज तुमच्याच नावानं चालू असतो. ऐकून जीव भांड्यात पडला. फोन तू उचलत नाहीस. परवा उचललास, माझं "हॅलो" ऐकलंस आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पत्र फेकून देता येतं, पण तू ते वाचल्याशिवाय फेकणार नाहीस. लहानपणी माझ्या दप्तरातली चिठ्ठीसुद्धा तू कधी सोडली नाहीस.

तर त्या दिवशी गाडी तुमच्या स्टेशनात रिकामी का आली, ते सांगतो. तू म्हणशील मुद्द्याचं बोल, पण सुरुवातीपासून सुरुवात केल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही, हे तुला माझ्या जन्मापासून माहीत आहे. शहराकडून येणारी गाडी रुंद रुळांवरची, वर तुमच्याकडे जाणारी अरुंद रुळांवरची. दोघी माझ्या स्टेशनात येऊन भांडलेल्या जावांसारख्या पाठ फिरवून उभ्या राहतात आणि मधे तो पूल. आमचं घर रुंद बाजूला. अरुंद बाजूनं बाहेर पडायला पूल सोडला तर दुसरी वाट नाही, आणि पुलाच्या पायऱ्या ज्यानं बांधल्या त्याला बहुधा गुडघेच नसावेत. शेवटची आलीस तेव्हा आमची धाकटी रांगत होती. आता ती सायकलवरून शाळेत जाते आणि वाटेत मला ओळख देत नाही. बसनं ये म्हणावं तर रस्ता घाटाचा, आणि तुला बस लागते. एकदा मी हमालांना सांगून खुर्चीतून पूल ओलांडायची व्यवस्था केली होती, तर तू अरुंद बाजूच्या प्लॅटफॉर्मवरून ओरडलीस, "मी काय सामान आहे का?" आणि त्याच गाडीनं परत गेलीस. तेव्हापासून आपण पुलाच्या दोन बाजूंनी एकमेकांची खुशाली विचारतोय.

म्हणून तर या नव्या गाडीसाठी मी एवढा नाचलो. रूळ एकसारखे करायचे तर डोंगर फोडावा लागेल, आणि तेवढा पैसा कुणी काढत नाही. तेव्हा इंजिनियरबाईंनी डबेच असे आणले की त्यांची चाकं आत-बाहेर सरकतात. (बाई हुशार आहेत. जेवायच्या विसरतात, पेन्सिल केसांत खोचतात आणि मग दिवसभर तीच शोधतात.) स्टेशनाच्या डोंगराकडच्या टोकाला एक लांबट शेड बांधली. रुंद रुळांवरून गाडी मुंगीच्या पावलानं तिच्यात शिरते, आत चाकं एकमेकांकडे ढकलली जातात आणि पलीकडून ती अरुंद रुळांवर निघते. इंजिन तेवढं बदलायचं. माणूस आत घोरत पडला तरी चालतं. शेडला आम्ही 'चिमटा' म्हणतो. बाईंना ते आवडत नाही, पण त्यांनी दिलेलं नाव एका दमात म्हणता येत नाही.

पहिल्या फेरीच्या आधी मला सगळी काळजी चाकांची. चाकं सरकलीच नाहीत तर? एकच सरकलं तर? ही म्हणाली, चाकांचं चाकं बघतील, तुम्ही तुमचं वाक्य नीट म्हणा. (बायको बरोबर होती. हे मी फक्त तुला लिहितोय, वाचून झालं की ओळ खोडून टाक.) माझं वाक्य म्हणजे बाईंनी दिलेली नवी घोषणा: कृपया कुणीही उतरू नये, आपण बसल्या जागीच पुढे जाणार आहात. आठवडाभर मी ते पाठ करत होतो. आंघोळीला म्हटलं, जेवताना म्हटलं, झोपताना म्हटलं. शेवटी ही वैतागून म्हणाली, "पुरे आता, मी कुठे उतरतेय?"

गाडी आली. खच्चून भरलेली, पहिली फेरी फुकट असल्यामुळे माणसं दारात लटकलेली. पहिल्या डब्यात मुख्य कचेरीतले मोठे साहेब. मी माईक हातात घेतला. आता ताई, माझी अख्खी नोकरी या एका स्टेशनात गेली. गाडी थांबली की माझं तोंड आपोआप उघडतं आणि त्यातून काय बाहेर पडलं ते मला नंतर लोक सांगतात. मी म्हणालो, सर्व प्रवाशांनी गाडी बदलावी, पुलाचा वापर करावा, सामान विसरू नये. आणि नव्या गाडीचा मान म्हणून पुढे 'कृपया'सुद्धा लावलं. (माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की सिग्नल दिसल्यापासूनच लोक पिशव्या घेऊन दारात उभे होते. मी मुका असतो तरी ते उतरलेच असते. पण हे कुणी ऐकून घेत नाही.)

तुझे यजमान काय म्हणाले होते आठवतं? मी मुद्दाम शहरातून त्या गाडीत बसून येतो आणि पुढाकार घेऊन लोकांना जागेवर बसवून ठेवतो. घेतला त्यांनी पुढाकार. पुलावर सगळ्यांच्या पुढे तेच होते. पलीकडे जुनी छोटी गाडी उभी होती, तिच्यात रुमाल टाकून त्यांनी खिडकी पकडली, आणि शेजारची जागा तुझ्यासाठी धरून तिघांशी भांडले. तू त्या वेळी वरच्या स्टेशनावर, हे त्यांच्या लक्षात नाही. बाकीच्यांचंही तेच. दोन मिनिटांत छोटी गाडी गच्च. तिला इंजिन नव्हतं (तेच तर काढून नव्या गाडीला लावलं होतं), पण कुणाला संशय आला नाही. ती गाडी इंजिन असतानाही तासभर हलत नाही.

आणि आम्ही काय करत होतो? आम्ही सगळे चिमट्यापाशी, गुडघ्यांवर हात टेकून, वाकून चाकं बघत होतो. मी, बाई, ड्रायव्हर, गार्ड, सगळे. चाकं अशी सुरेख सरकली म्हणून सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर त्यांची पाठच थोपटली. पण वर खिडक्यांकडे मान करून बघावं, हे एकालाही सुचलं नाही. साहेब पडदे ओढून जेवायला बसलेले. मी ऐटीत हिरवा झेंडा दाखवला आणि गाडी डोंगरामागे दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिलो. मग शीळ घालत परत आलो, तर छोट्या गाडीच्या खिडकीतून भावजी विचारतात, काय हो, कधी सुटणार? मी म्हटलं, सुटली की. दोघंही हसलो. मग दोघंही हसायचे थांबलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते भावजींनी घरी पोचल्यावर फोनवर सांगितलं. तुमच्याकडे शाळेचा बँड वाजत होता, तू पिशवी भरून प्लॅटफॉर्मवर उभी होतीस, परतीच्या फेरीत बसून इकडे यायला. साहेब उतरले. त्यांनी एकेक डबा उघडून पाहिला आणि विचारलं, माणसंच नाहीत, मग हा एवढा खटाटोप कुणासाठी? आणि तू पुढे होऊन म्हणालीस, "माझ्यासाठी." सगळे हसले म्हणे. साहेबांना विनोद वाटला. मग डब्यांना कुलपं लावून गाडी तशीच खाली पाठवली आणि तू पिशवी घेऊन घरी गेलीस. ताई, हे ऐकलं तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच सरकवून उठलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रेल्वेचा काय तोटा व्हायचा तो होवो, पण तू ती भरलेली पिशवी घरी नेऊन परत रिकामी केली असशील, याचंच मला फार वाईट वाटतं.

साहेबांनी शेरा मारला आहे की या मार्गावर थेट गाडीला मागणी नाही. बाई चिडून कचेरीत गेल्या आणि तिथून घसा बसवून आल्या. असो. झालं ते झालं, लहान भावाला पदरात घे. माझं दुसरं काही मागणं नाही. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मागणं आहे. बाईंनी भांडून आणखी एक फेरी मिळवली आहे, येत्या रविवारी, आणि या वेळी वरून खाली. साहेब स्वतः शहराच्या स्टेशनात उभे राहून किती माणसं उतरतात ते बघणार आहेत. डबे पुन्हा रिकामे दिसले तर चिमटा भंगारात, आणि आपल्या नशिबी जन्मभर पूल. तेव्हा तुझी सगळी आळी गोळा कर. तुझा आवाज खणखणीत आहे हे मी वर उगीच लिहिलेलं नाही. गाडी आधी अरुंद बाजूला इंजिन बदलायला थांबेल. तिथे कुणी उठलं तर त्याला तू खाली बसव, लहानपणी मला बसवायचीस तसं.

ता. क. २ : भावजींना खिडकीजवळ बसव आणि तू दाराकडच्या बाजूला बस. जागेवरून उठणार नाही, असं त्यांनी वचन दिलं आहे. म्हणून तर सांगतोय.

ता. क. ३ : माईकची काळजी करू नकोस. बाईंनी तो माझ्याकडून काढून हिच्या हातात दिला आहे. "बसा गप खाली" हे वाक्य हिला पाठ करावं लागत नाही.

ता. क. ४ : एक राहिलंच. चिमट्यातून आल्यावर गाडी रुंद बाजूला, घराकडच्या प्लॅटफॉर्मवर मिनिटभर थांबेल. एकही पायरी नाही. अख्ख्या गाडीतून तिथे फक्त तू उतरायचंस. पण पिशवी घेऊन तू उठलीस की अख्खा डबा तुझ्यामागून उठेल, हे मी आता अनुभवानं सांगतो. म्हणून पिशवी आधी खिडकीतून माझ्याकडे दे. मी तिथेच उभा असेन, या वेळी चाकांकडे न बघता. आणि मग तू अशी ये, की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई कुठे उतरत नाहीये, आपल्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चाललीय.