सूर्यास्तापूर्वीचे जेवण

मी, भिकमचंद लखीचंद ओस्तवाल, वय ६७, धंदा कापडदुकान, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट चाळीस वर्षांत कधी ठिकाणावर नव्हते, आणि त्याची मला मनस्वी किळस आहे.

१. कपाटातल्या चूर्णाच्या अकरा बरण्या व सोड्याच्या बाटल्या कुणाला देऊ नयेत, गटारात ओताव्यात. सोडा पिऊन ढेकर आला की मला वाटे, हवा गेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, ती सोड्याचीच हवा होती.

२. दुकान मुलगा सोहनलाल याला, एका अटीवर. आम्हा जैनांत सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. मी मात्र शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत गादी सोडली नाही आणि पाच मिनिटांत डाळबाटी कोंबली. डॉक्टर म्हणाले, "शेठजी, तुम्ही जेवत नाही, हवा गिळता." सोहनलालही तसाच गिळतो, मग रात्रभर ढेकर देतो. ऐकून शिसारी येते. त्याने सूर्यास्ताच्या तासभर आधी उठून चावून जेवावे. चातुर्मासात हिरव्या भाज्या बंद आणि डाळीच डाळी, तेव्हा तर नक्कीच. न ऐकल्यास दुकान भाकड गुरांच्या पांजरपोळाला जाईल.

३. घर पत्नी प्रेमकुंवर हिला, पूर्ण मालकीने. ती रोज म्हणे, "सावकाश जेवा, सूर्य अजून वर आहे." मी म्हणे, "मला शिकवू नकोस." एका पर्युषणात, जैन स्थानकात महाराजांचे व्याख्यान चालू असताना, माझ्या पोटाने चारचौघांत अब्रू घालवली. घरी येऊन मी ताट अंगणात भिरकावले. "तुझ्या डाळीत विष आहे," म्हणालो आणि तिला वर्षभर फैजपूरला माहेरी धाडले. त्या वर्षी भावजयीच्या हातचे जेवूनही पोट तसेच फुगले. तरी कबूल केले नाही. याची मला सर्वांत जास्त घाण वाटते. दर संवत्सरीला गावभर क्षमा मागितली, परगावी कार्डे पाठवली. तिच्याकडे मागितली नाही.

परत आल्यापासून ती मला वाढण्याआधी त्याच डाळीचा एक घास माझ्यासमोर स्वतः खाते. बावीस वर्षे झाली. कालही खाल्ला.

तिला वाचता येत नाही. हे कलम सोहनलालने माझ्या मरणाची वाट न पाहता, मी पाटावर बसलेलो असताना, तिला वाचून दाखवावे. माझ्या तोंडून निघत नाही.

सही: भिकमचंद लखीचंद ओस्तवाल

आमच्यासमोर सही झाली. मजकूर ऐकला, हसलो नाही.
साक्षीदार: १) कय्युम शेख युसूफ, शिंपी २) कौतिक सुपडू पाटील, नशिराबाद

जळगाव, १४ सप्टेंबर १९७२