बाबांची भुवई

ता. ६ फेब्रुवारी

चि. चिमण यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो म्हणतोस आणि दिवसभर गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे उभा राहतोस. सलूनमध्ये दोन कारागीर ठेवलेत ते काय पंख्याचा वारा खायला? इकडे बेकरी जोरात आहे. सून भट्टी सांभाळते आणि मी गल्ल्यावर बसून सगळ्यांच्या चुका काढते, त्यामुळे घरात शांतता आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या लोकांना ज्या शाळेत कोंडलं होतं तिथं आता स्मृतिसंग्रहालय होतंय. उघडायला अवकाश आहे, पण ज्यांच्या घरची माणसं तिथून परत आली नाहीत त्यांना आधीच बोलावतात. काल मी जाऊन आले. तू नाक मुरडशील, तरी सगळं सांगणार आहे.

पहिल्या वर्गात नुसती दारं उभी केलीत, खऱ्या घरांची, आपली घरं ओळखू यावीत म्हणून काढलेल्या खडूच्या फुल्यांसकट. बाबांच्या दुकानाच्या फळीवरही तशीच फुली असायची. आई रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी परत काढून जायचं. आधी गिऱ्हाइकं मागच्या दारानं यायला लागली, मग यायचीच बंद झाली. दुसऱ्या वर्गात तिथं कोंडलेल्या माणसांच्या खिशात सापडलेल्या वस्तू आहेत. किल्ल्या, चष्मे, कंगवे. घराला कुलूप लावून निघालेल्या माणसांच्या किल्ल्या त्या. मला वाटलं होतं, मी तिथूनच परत फिरेन. तसं काही झालं नाही, उलट राग आला आणि रागानं माणूस ताठ चालतो.

पुढे लांबलचक व्हरांडा आहे आणि त्यात दोन्ही भिंतींवर चेहरे. खाली नाव आणि काम. ज्यांचा फोटो नाही त्यांची चौकट रिकामी. बाबांचं नाव आहे, खाली ‘न्हावी’ असं आहे, आणि वर पांढरा कागद. घर जळलं तेव्हा फोटोही जळले, हे मला काय माहीत नाही? तरी तो कोरा कागद बघून माझं डोकंच फिरलं.

तिथं नोंदी ठेवणाऱ्या बाई आहेत, समजूतदार आहेत. त्यांनी एका चित्रकाराशी गाठ घालून दिली. नातेवाइकांनी वर्णन करायचं आणि त्यानं काढायचं. मी त्याचा जीव खाल्ला, पण बाबा काढून घेतले. उजव्या भुवईला चिरून गेलेली ती जुनी खूण, उजवीकडचा भांग, सगळं. नक्कल सोबत पाठवते आहे.

एकच अडचण आहे. असं काही घडलंच नाही म्हणणारे लोक अजूनही आहेत आणि ते चुका शोधायला येतात. त्यामुळे दोन जवळच्या नातेवाइकांनी समक्ष येऊन चेहरा बरोबर असल्याची सही करावी लागते. एक मी. दुसरं कोण उरलंय ते तूच सांग. मार्चअखेर उघडायचं आहे, त्याआधी ये.

माझ्यावर जीव आहे म्हणतोस, तो या वेळी गाडीत बसून दाखव.

तुझी
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र आणि चित्र मिळालं. कारागीर पंख्याचा वारा खात नाहीत, माझं डोकं खातात. बाकी ठीक.

ताई, मी त्या फाटकातून आत येणार नाही. तू तेव्हा घरी असायचीस. आई मला बोटाला धरून रोज तिथवर न्यायची, बाबांचा डबा द्यायला. पहारेकरी डबा आत न्यायचा आणि रिकामा आणून द्यायचा. आई वाटेत म्हणायची, बघ, सगळं संपवलं, म्हणजे तब्येत चांगली आहे. आपण कुणाला जेवू घालत होतो ते तिला पुढे कळलं. बाबांना पहिल्या आठवड्यातच नेऊन मारलं होतं. मला तो गंजका कोयंडा अजून दिसतो. माझ्यावर रागव, पण ओढू नकोस.

आणि दुसरं असं, की चित्र चुकलंय. नाक, ओठ, कान सगळं असं आहे की मला खुर्चीत बसावं लागलं. पण ती खूण डाव्या भुवईवर होती. भांगही डावीकडे. सुट्टीच्या दिवशी बाबा मला समोर मांडीवर घ्यायचे आणि फेसाचा ब्रश माझ्या हातात द्यायचे. मी त्यांची दाढी करायचो. ब्रश माझ्या उजव्या हातात आणि तिथंच समोर ती चिरलेली भुवई. तिच्यावर मी मुद्दाम फेस लावायचो आणि ते डोळा मिटून घ्यायचे. हे मी कसं विसरेन? एवढं एकच तर आहे माझ्याकडे.

बाईंनाही मी तसं कळवलं आहे. खोटी सही मी करणार नाही.

रागावलीस तरी पत्र टाकत जा, तेवढी माया राहू दे.

तुझा
चिमण

ता. २२ फेब्रुवारी

चि. चिमण यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

शहाण्या, बाईंना लिहायच्या आधी मला विचारायचंस. आता त्या म्हणतात, मुलगी उजवी सांगते, मुलगा डावी सांगतो, आणि कागदावर दोन्ही आलं. एकमत होईपर्यंत चित्र लागणार नाही. त्यांचंही चुकत नाही. उद्या कुणीतरी हसून म्हणेल, यांना बापाचा चेहरासुद्धा ठाऊक नाही, आणि मग व्हरांड्यातल्या प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवेल. म्हणजे बाबा तिथं कोरा कागद होऊन राहणार.

तू तेव्हा एवढासा होतास. मी मोठी होते. शाळा सुटली की मी थेट दुकानात. दाराजवळच्या बाकावर बसायचं आणि तिथून हलायचं नाही, कारण बाबांचा नियमच होता, हातात वस्तरा असताना कुणी त्यांच्या पुढ्यात यायचं नाही. हात चालू असताना ते माझ्याकडे बघून ती भुवई उडवायचे, म्हणजे अभ्यास झाला का? मी मान हलवली की खालचा ओठ बाहेर काढून शाबासकी. गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. घरी ते यायचे तेव्हा आपण झोपलेले असायचो आणि सुट्टीच्या दिवशी ते तुझ्या तावडीत, त्यामुळे मला बाबा आठवतात ते दुकानातलेच. एवढ्या वेळा बघितलेली भुवई मी चुकेन? मी पावाचा रंग बघून भट्टीत किती राहिला ते सांगते.

पण एक ऐक. मला बरं वाटावं म्हणून उजवी म्हणू नकोस. मीही तुझ्यासाठी डावी म्हणणार नाही. खोटं बोलून लावलेला चेहरा बाबांचा असणार नाही. नीट आठव, एवढंच सांगते. त्या फाटकाबद्दल तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. आई मला कधी बोलली नाही.

भांडण भांडणाच्या जागी, तू माझा तो माझाच.

तुझी
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तुझं चित्र पुन्हा बघावं म्हणून काढलं. चष्मा आरशाखालच्या फळीवर होता. कागद छातीशी धरून तो घ्यायला वळलो आणि समोर आरशात बाबा. माझे बाबा, फेसातले. खूण डाव्या भुवईवर, भांग डावीकडे. कागद वळवून बघितला की तुझे, आरशात बघितला की माझे. मी वेड्यासारखं चार वेळा तसंच केलं. कारागीर एकमेकांकडे बघायला लागले.

आता सांग, तो बाक दाराजवळ होता. म्हणजे बाबांच्या पाठीमागे. बाबा गिऱ्हाइकाच्या मागे उभे, तोंड आरशाकडे. पुढ्यात जायची तुला बंदी. मग ते तुझ्याकडे बघून भुवई कशी उडवणार? आरशातून, ताई. तू वर्षानुवर्षं बाबांना आरशात बघितलंस. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. गिऱ्हाइकाला भांग कुठे ते विचारलं की ते आरशातल्या डोक्याकडे बोट करतं, आणि नवा कारागीर हमखास उलटा पाडतो. मी त्यांना ओरडतो, आणि मला स्वतःला हे सुचायला एवढे दिवस लागले.

म्हणून तुझी आठवण केसभरही चुकलेली नाही. तू बघितलंस तेच सांगितलंस आणि त्या बिचाऱ्यानं तेच काढलं. फक्त भिंतीवर जायचं तर ते उलटून काढायला हवं.

तू हो म्हणालीस तर मी येतो. फाटकाचं बघू. एवढा चेहरा हाताशी येऊन माझ्या भीतीपायी चौकट कोरी राहिली तर आईला काय सांगू?

उत्तराची वाट बघतो. ओरडायचं असेल तर तेही चालेल.

तुझा
चिमण

ता. ७ मार्च

चि. चिमण, अ. आ.

सुनेच्या एका गालाला पीठ लावलं, तिला आरशासमोर उभं केलं आणि मागे स्टुलावर बसून बघितलं. तुझं बरोबर आहे. ये.

ताई

ता. २८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझं ‘तुझं बरोबर आहे’ हे वाक्य फ्रेम करून सलूनमध्ये लावणार आहे. असा कागद जन्मात पुन्हा मिळायचा नाही.

तिथं असताना बोलता आलं नाही ते लिहितो. फाटकाशी माझे पाय थांबले तेव्हा तू माझा दंड धरलास. आपण दोघं आत गेलो आणि मला कळलं की ती एक इमारत आहे. खिडक्या आहेत, फरशी आहे, कोपऱ्यात कुणाची तरी छत्री टेकवलेली आहे. इतकी वर्षं मी तिला घाबरत होतो. मला आता हलकं वाटतं, खरंच.

बाबांसमोर उभा राहिलो तर हसूच आलं. माझ्या कारागिरांपेक्षा वयानं लहान दिसतात. केस कापून द्यावेत आणि पैसे घेऊ नयेत असं वाटलं.

पण मी तुझ्याकडेही बघत होतो. तू चित्र नीट तपासलंस, बाईंना बरोबर आहे म्हणालीस, ठळक अक्षरात सही ठोकलीस. केस कापून झाल्यावर गिऱ्हाईक तोंडानं छान म्हणतं आणि डोळ्यांत ते छान नसतं, हे मला लगेच समजतं. तुझं तसंच झालं, ताई. तू एका अनोळखी माणसाकडे बघत होतीस. मला माझे बाबा भिंतीवर मिळाले आणि तुझे भिंतीवरून उतरले. तू खऱ्यासाठी ते सोडून दिलेस आणि कुणाला कळू दिलं नाहीस. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला.

म्हणून निघायच्या आधी मी चित्रकाराला गाठलं. पहिला कागद त्याच्याकडे होता. म्युझियमला तो चुकीचा, म्हणून बाद. बाईंनी आनंदानं नेऊ दिला. माझ्या इथल्या काचवाल्याकडून चौकट करून घेतली आणि आजच पार्सल केली. आल्यावर फोडताना जपून.

भिंतीवर आहेत ते बाबा जसे होते तसे. हे तुझ्याकडे बघत होते तसे. यावर कुणाची सही लागत नाही.

नेहमीसारखी हक्कानं रागवत राहा.

तुझा
चिमण

ता. ६ एप्रिल

चि. चिमण यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पार्सल आलं. सून म्हणाली, गल्ल्यामागे तुमच्या डोक्यावर लावू. मी म्हटलं, मला तिथून दिसणार आहेत का? समोरच्या भिंतीवर लावले, गल्ल्यावरून बरोबर नजरेत येतील असे. गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? मी सांगते, माझे बाबा, न्हावी होते, शाळेत कोंडले आणि मारले. आणि नीट बघायचे असतील तर व्हरांड्यात जा, इथे आरशातले आहेत. पाव बांधून होईपर्यंत सगळं ऐकवते. काही जण जाऊनही आले.

तू लिहिलंस ते खरं आहे. त्या दिवशी सही करताना मला आतून तुटल्यासारखं झालं होतं. मला वाटलं होतं, कुणाला दिसलं नाही.

चौकट उघडली तेव्हा मी रडले, चिमण. चांगली मोठ्यानं, भर दुकानात, हाताला पीठ तसंच. सून भट्टी सोडून धावत आली, काय झालं, काय झालं म्हणून. तिला म्हटलं, काही नाही गं, बाबा आलेत.

जिव्हाळा आहेच, तो असाच वाढता ठेव आणि पुढच्या वेळी बोलवायला लावू नकोस.

तुझी
ताई