चौदा नंबरची कॅसेट

बाई, त्या सकाळी मी तुमच्या मुलुंडच्या घरी ओट्यापाशी लाल माठ निवडत होते. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या आणि दूध उतू जाऊ नये म्हणून माझा एक डोळा तिकडे होता. तुम्ही टेबलावर कॅसेटी मांडून प्रत्येकीवर नंबर चिकटवत होतात. नाव कुठेच लिहायचं नाही, कामगारांना तसा शब्द दिलाय, असं तुम्ही मला आधीच बजावलं होतं. तेरा झाल्या. चौदावी हातात घेतलीत आणि बाजूला ठेवलीत. "ही मी स्वतः ऐकून उतरवीन."

"आमच्या ह्यांची ना?" मी विचारलं. "द्या हो बाई. खोकला कुठे आणि शब्द कुठे, ते माझ्याइतकं कुणाला कळणार?" तुम्हाला हसू आलं आणि तुम्ही ती दिलीत. द्यायला नको होती.

मी तुमच्याकडे स्वयंपाकाला आले तेव्हा तुमचं कपाट पाहून विचारलं होतं, "बाई, नुसत्या भांडणावर एवढी पुस्तकं?" तुम्ही म्हणालात, कंपन्या, युनियन, कॉलेजं, सोसायट्या आतून कशा फुटतात आणि एकमेकींशी का भांडतात, हाच माझा अभ्यास. "मग भांडुपला आमच्या चाळीत या, फुकट मिळेल," मी म्हणाले. तुम्ही खरंच आलात, कामगारांच्या मुलाखती टेप करू लागलात. माझं अक्षर पाहून तुम्हीच मला वही दिलीत, कॅसेट ऐकून लिहायला शिकवलंत. माणूस थांबला तर कंसात 'थांबले' लिहायचं, रडला तर 'रडले'. एकदा एकाची शिवी मी गाळली तर तुम्ही रागावलात. "तो बोलला ते लिही. तुला बरं वाटेल ते नको."

आमच्या ह्यांच्या कारखान्यातली युनियन कशी फुटली ते सगळ्या चाळीला पाठ होतं. मागण्यांची यादी बोलणी सुरू व्हायच्या आधीच मॅनेजमेंटच्या हातात पडली. यादी सेक्रेटरीकडे होती. सेक्रेटरी म्हणजे आमच्या शेजारचे भाऊ. गेटवर सगळ्यांसमोर कामगार त्यांना 'विकला गेलास' म्हणाले, युनियनमधून काढलं. त्यांनी आपली माणसं घेऊन दुसरी युनियन काढली. मग दोन्ही युनियन एकमेकींशी भांडत राहिल्या आणि कारखाना बंद झाला तेव्हा दोघींचे बोर्ड एकाच गेटवर लटकत होते. चाळीनं भाऊंच्या बायकोला, आमच्या वहिनींना, हळदीकुंकवाला बोलवणं सोडलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आमच्याकडून कुणी गेलं नाही. मीही नाही. शेवटी ते घाटकोपरला राहायला गेले.

चौदा नंबरच्या कॅसेटवर ह्यांचा आवाज शांत आहे. तुम्ही विचारता, यादी बाहेर गेली कशी? हे थांबतात. मग म्हणतात, "मी दाखवली. टाइप करून आणायला माझ्याकडे दिली होती भाऊनं. सायबानं विचारलं, दाखवली. वाटलं, त्यांनी आधी वाचली तर बोलणी सोपी जातील." परत थांबतात. "भाऊनं माझं नाव घेतलं नाही, बाई. गेटवरसुद्धा नाही."

मी कॅसेट मागे नेऊन तीन वेळा ऐकलं. मग वहीत एवढंच लिहिलं, 'थांबले'. आणि पुढच्या प्रश्नावर गेले.

ह्यांना मी विचारलं. बूट घालत होते. "आता बोलून काय होणार? दोन युनियन झाल्या त्या एक होणारेत का? बाईंना सांगितलं, सुटलो मी." ते सुटले आणि मी अडकले.

वही तुम्हाला दिली तेव्हा तुम्ही ते पान उघडलंत. बराच वेळ पाहत होतात. "सगळं उतरवलंस?" मी हो म्हणाले. तुम्ही "बरं" म्हणालात आणि वही मिटलीत. बाई, त्यांच्या समोर बसून तुम्ही स्वतः ते ऐकलं होतं. शिवी गाळली म्हणून रागावणाऱ्या तुम्ही, तेव्हा का नाही रागावलात? तुमचं पुस्तक आलं ते इंग्रजीत. तुम्ही देवाघरी गेल्यावर डिक्शनरी घेऊन रोज थोडं थोडं वाचत त्या पानापर्यंत पोचायला मला दोन वर्षं लागली. यादी कोणी दाखवली हे माझ्याकडच्या नोंदींवरून ठरवता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि खूप वेळ भांडी घासत बसले. माझी दया आली होती का तुम्हाला? तुमची दया मला परवडली, बाई. वहिनींना नाही परवडली.

भाऊ गेले. हेही गेले. गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, इतक्या वर्षांनी. "अगं, माझ्या नातीला कॉलेजात त्या बाईंचं पुस्तक मिळालंय. आमच्या ह्यांच्याबद्दल काय लिहिलंय गं त्यात? पोरगी म्हणते, काही लिहिलेलंच नाही. तू तर त्या बाईंकडेच कामाला होतीस ना? जाईपर्यंत म्हणत होते, मी नाही दाखवली, मी नाही दाखवली." मी म्हणाले, बघून सांगते. बघायचं काय होतं?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. एकच कबूल करते. ते वाक्य मी ह्यांच्यासाठी गाळलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. वहिनींना चाळीनं कसं वाळीत टाकलं ते मी रोज पाहत होते, आणि उद्या त्या जागी आपण असू, एवढंच माझ्या मनात आलं.

इतकं लिहून थांबले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटकोपरला गेले, वहिनींसमोर बसले आणि ह्यांचं बोलणं त्यांना शब्द न गाळता सांगितलं.