सहावी ओळ

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. सहा पानं, त्यातली चार तक्रारींची. शिक्षिका व्हायला निघालीस आणि पहिल्याच महिन्यात घसा बसला म्हणून रडतेस? कोमट पाणी पी आणि मुलांच्या वरचा आवाज काढणं सोडून दे. आपण हळू बोललो की तीच गप्प होतात. हे तुमच्या त्या जाडजूड पुस्तकांत नसणार, म्हणून आत्या सांगते आहे.

आता कामाचं. गुरुवारी तुझा परीक्षेचा पाठ. धडा सूचनाफलकांवरचा, आणि तो उघडण्याआधी मुलांची तयारी कशी करून घ्यायची ते तू मला विचारलंस. स्वतःचा बेतही कळवलास. सुरुवातीला म्हणे तू तुझ्या बाबांची गोष्ट सांगणार. मशीनशेजारी सूचना लावलेली होती, त्यांनी ती वाचली नाही, आणि ते गेले. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिणार, ‘वाचलं असतं, तर वाचले असते.’ परीक्षक खूश होतील, यात शंका नाही. मी मात्र तिथेच पत्र पालथं घातलं आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. तू हा बेत सोडून द्यावास असं मला वाटतं. का, ते सांगायला मला जरा वेळ लागेल. तोवर तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, ते सोपं आहे.

मुलांना धड्यावर एकदम सोडायचं नाही. पुस्तक मिटलेलंच ठेवायचं. फळ्याच्या डाव्या बाजूला कठीण शब्द अर्थासकट लिहायचे. मग नुसतं धड्याचं नाव सांगायचं आणि विचारायचं, आत काय असेल? मुलं सांगतील ते सगळं उजव्या बाजूला लिहायचं, कितीही वेडगळ असलं तरी. मी एकदा ‘दीपगृह’ असं नाव सांगितलं तर एकजण म्हणाला, दिव्यांचं दुकान. सगळे खो खो हसले, पण मग अख्खा वर्ग तो दुकानदार कधी येतो ते बघत शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. वाचून झालं की अंदाज तपासायचे आणि जो खरा ठरेल त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची. त्या एका खुणेसाठी मुलं जीव टाकतात. मोठी माणसंही टाकतात. हे मी शाळेत नाही, कारखान्यात शिकले.

तुला तो वर्ग आठवणार नाही, तू चार वर्षांची होतीस. पहिली पाळी सुटली की कँटीनच्या मागच्या खोलीत चौदा कामगार बसायचे. अंगाला तेलाचा वास, बोटं इतकी जाड की पेन्सिल मोडायची. तुझे बाबा दहाव्या वर्षी शाळेतून पळालेले, ते एकतिसाव्या वर्षी माझ्यासमोर बाकावर येऊन बसले. घरी मला ताई म्हणायचा, वर्गात मुद्दाम हात वर करून ‘बाई, बाई’ करायचा आणि बाकीच्यांना हसवायचा. तुझी आई सांगते ना, कुणाचं ऐकायचेच नाहीत, हट्टी होते? होता हट्टी. पण अक्षरांच्या बाबतीत त्याच्याइतका सरळ विद्यार्थी मला तीस वर्षांत मिळाला नाही. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द संपवून पुढे जायचा. रस्त्यात कुठली पाटी दिसली की पूर्ण वाचल्याशिवाय हलायचा नाही. तुला खांद्यावर घेऊन औषधाच्या दुकानासमोर अर्धा अर्धा तास उभा असायचा. दुकानदार विचारायचा, काय हवंय? हा म्हणायचा, काही नको, वाचतोय.

त्या वर्षी कारखान्यात ड्रिलचं मोठं मशीन आलं आणि त्याच्याबरोबर आठ ओळींचं सूचनापत्रक. सुपरवायझरनं ते मला आणून दिलं, वर्गात घ्या म्हणाला. मी खूश झाले. कामगारांना स्वतःच्या कामाचं काही वाचायला मिळणार होतं. मी पेन्सिल घेऊन त्यातले पाच कठीण शब्द वेचले आणि डावीकडे लिहिले. त्यातला एक होता, वर्ज्य. त्यापुढे लिहिलं, टाळायचे. मग पत्रकं पालथी ठेवायला लावली आणि विचारलं, आत काय असेल? कुणी म्हणालं चष्मा, कुणी म्हणालं बूट, कुणी म्हणालं शर्टाच्या बाह्या. तुझे बाबा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले, हातमोजे! महिन्यापूर्वीच पत्र्याच्या धारेनं त्याचा तळवा फाटला होता, त्याला दुसरं काय सुचणार. मी उजवीकडे लिहिलं, हातमोजे.

पत्रकाची सहावी ओळ अशी होती: ‘फिरत्या भागाजवळ काम करताना हातमोजे वर्ज्य.’ उघडा हात ड्रिलला लागला तर सोलवटतो, निदान मागे घेता येतो. हातमोज्याचा धागा अडकला तर तो हातालाच आत ओढतो. आज हे मला झोपेतही सांगता येईल. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, कारण मी ते पत्रक वाचलंच नव्हतं. मी त्यातले फक्त शब्द वेचले होते. आम्हा शिक्षकांना ही खोड असते, धड्यात काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे असं वाटायची.

आठवड्यानं तो नवे हातमोजे घालून त्या मशीनवर उभा राहिला, त्या पाळीतला पहिलाच. हॉस्पिटलात दोन दिवस होता. मला बघून काहीतरी पुटपुटला, तर नर्स हसून म्हणाली, बघा, वाचलो म्हणतायत. तो वाचलो म्हणत नव्हता. मी खाली वाकले होते, मला नीट ऐकू आलं. तो म्हणत होता, ताई, वाचलं होतं मी. त्या संध्याकाळी तो गेला.

दुसऱ्या दिवशी, घरी माणसं जमलेली असताना, मी तासाभरासाठी बाहेर पडले. तुझ्या आईला वाटलं कागदपत्रांसाठी गेले. मी त्या खोलीत गेले. नव्या मशीनच्या गडबडीत त्या तासानंतर वर्ग भरलाच नव्हता, फळा तसाच होता. मी तो पुसला. चौकशीत मला दोनच प्रश्न विचारले. पत्रक शिकवलं होतं का? हो. वर्ज्य शब्दाचा अर्थ सांगितला होता का? हो. दोन्ही उत्तरं खरी होती. त्यावरून अहवालात लिहिलं गेलं की सूचना माहीत असूनही कामगारानं निष्काळजीपणा केला. मग कारखान्यात कुणीतरी ते वाक्य जुळवलं, वाचलं नाही म्हणून वाचला नाही, आणि लोक ते हसत हसत सांगायला लागले. आपल्या घरातही ते आलं. तू ते ऐकत मोठी झालीस आणि एकोणीस वर्षं मी तुला ते ऐकू दिलं. मला भीती वाटत होती, ठमे. नोकरीची नाही. तू मला आत्या म्हणणं बंद करशील, याची.

म्हणून हे पत्र. त्या दिवशी तासाच्या शेवटी तुझे बाबा उठून उभे राहिले आणि ओरडले, बाई, सापडलं! सहावी ओळ, हातमोजे! मी वळून फळ्यावर बरोबरची खूण केली. तो मात्र बसला नाही. त्याचं बोट ओळीवरच होतं. म्हणाला, बाई, पुढे अजून एक शब्द आहे. भोंगा झाला होता, लोक उठायला लागले होते. मी म्हटलं, तो शब्द आपण आधीच घेतलाय, शाब्बास, बस आता. आणि तो बसला. माझं मात्र त्यानं ऐकलं. आज सकाळी मी कारखान्याला हे सगळं लिहून कळवलं आहे, त्याची नक्कल सोबत आहे, तुझ्या आईलाही दाखव. गुरुवारी त्याची गोष्ट सांगायची असेल तर जरूर सांग. फक्त मुलांना नीट सांग, त्या खोलीत पत्रक न वाचलेलं एकच माणूस होतं, आणि ते फळ्यापाशी उभं होतं.

तू म्हणशील तोवर तुझीच,
आत्या