पंख्यातल्या अक्षता

आई, ओळखलंस का? नाहीच ओळखणार. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई तू, इतक्या वर्षांनी मी कुठली आठवणार! मी तुझी थोरली. जिच्यावर तुझं बालंट आलंय ती. मी सांगतेय आणि नात लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, म्हणजे पत्रव्यवहाराला आपण दोघी अगदी योग्य.

विषय तुझ्या नातवाच्या, म्हणजे माझ्या लेकाच्या, लॅपटॉपचा. खराडीत नोकरी लागल्यावर त्याने घेतला आणि दसऱ्याच्या सकाळी कौतुकाने कसब्यात तुला दाखवायला आणला. आपलं तांब्याची भांडी ठोकणारं घर. बाबांचे हातोडे घासूनपुसून पाटावर मांडलेले, झेंडूचा ढीग, तू तबक घेऊन बसलेली. "बाळा, हे तुझं हत्यार ना? मग ठेव की इथं!" तो बिचारा हातोड्यांच्या रांगेत लॅपटॉप ठेवतो. तेवढ्यात ऑफिसातून फोन, काहीतरी तातडीचं. तू काय म्हणालीस आठवतंय? "साहेबाला सांग, आज हत्यार पूजेला बसलंय. उद्या उठेल." त्या दिवशी तू त्याला बोट लावू दिलं नाहीस. बोट म्हणजे, कामाला. कारण गुपचूप त्याने त्याच लॅपटॉपमध्ये तुझा आवाज भरून घेतला. पुढची संक्रांत काही तू पाहिली नाहीस. तुझा फोटो आहे भिंतीवर, हार घालून घेतो आणि गप्प बसतो. चिठ्ठीचपाटी आपल्या दोघींत असण्याचा प्रश्नच नव्हता. राहिला तो तेवढा आवाज, आणि तो त्या डब्यात.

तर परवा मी नातीला म्हटलं, पणजीचा आवाज ऐकव. माळ्यावरून लॅपटॉप काढला, पुसला, कळ दाबली. दिवा लागला, पडदा उजळला, काहीबाही अक्षरं आली आणि फट्‌कन काळोख. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. खाली हात लावला तर तवा तापलेला. मी म्हटलं वायर बदला. वायर बदलली, ढिम्म. लेक म्हणाला, "आई, त्याचं आयुष्य संपलं. भंगारात देऊ, नवा आणू."

"आण की. नव्यात तुझी आजी येणार आहे का?"

मग लॅपटॉप पिशवीत घालून उठला. इथे कोथरूडलाच कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान आहे, तिकडे आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने बॅटरी काढून खालचं झाकण उघडलं, बॅटरी परत घातली, कळ दाबली, कान लावल्यासारखा वाकला आणि म्हणाला, "काकू, पंखाच फिरत नाहीये. आत तापतंय, म्हणून स्वतःहून बंद पडतंय." मग बॅटरी काढून, चिमट्याने त्या बोटभर पंख्यातून त्याने काय काढावं? तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला. मग कोपऱ्यातून दुसरा, तिसरा. कागदावर मांडून ठेवले आणि गंभीरपणे विचारतो, "आत लग्न होतं का कुणाचं?"

म्हणे इतकी वर्षं ते दाणे आत कडेला निवांत पडून होते. आम्ही लॅपटॉप माळ्यावर उभा कोंबला, तेव्हा एक घरंगळला आणि पात्यात अडकला.

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं! लेक म्हणाला, "आई, कमाल आहे तुझी." मी म्हटलं, मी नाही, माझ्या आईने टाकल्या. तर म्हणतो, "गेलेल्या माणसावर कशाला ढकलतेस? फ्रिजला कुंकू कोण लावतं आपल्याकडे?" फ्रिजला मी लावते, बाहेरून! आत अक्षता फेकत नाही! पण ऐकतंय कोण. नात तोंडावर ओढणी धरून हसतेय, दुकानदार खाली मान घालून हसतोय. आई, असा संताप आला तुझा! लहानपणी धाकट्याने दूध सांडलं तरी रट्टा मला, आणि आता तू वर जाऊन बसलीस तरी बोलणी मलाच. साक्षीला तरी यायचंस.

तर आलीस. पंखा साफ झाला, घरघरला, लॅपटॉप सुरू झाला. नातीने शोधून ते लावलं. आधी नुसती खरखर, मग बायकांचं बोलणं.

"अगं, कडेकडेने काय टाकतेस? आण ते तबक इकडे. त्या जाळीत टाकते मी."

"आई, पुरे. आत जातील."

"जाऊ देत! काम आतच चालतं ना त्याचं? मग वरवरची पूजा काय कामाची?"

लेकाचा चेहरा बघायला हवा होतास. पुटपुटला, "सॉरी, आई." मी म्हटलं, मोठ्याने म्हण, मघाशी मोठ्याने बोलला होतास. म्हणाला. सगळ्या दुकानाने ऐकलं.

मी जिंकले ना? मग घरी येऊन मी नातीला ते पुन्हा पुन्हा का लावायला लावतेय, ते तुला सांगते. दुकानात पहिलं वाक्य आलं तेव्हा मी विचारलं होतं, "ही कोण बोलतेय?" माझ्या डोक्यात तुझा आवाज भरदार होता, बराचसा माझ्यासारखा. हा तर पातळ, घाईघाईचा, कुणा परक्या बाईचा. दुसऱ्यांदा लावलं आणि माझंच 'आई, पुरे' ऐकलं तेव्हा कुठे पटलं. तुला विसराळू म्हणायला मी निघाले होते. हे लिहू नकोस म्हटलं, तर कार्टी लिहितेच आहे.

आता नात विचारते, पाकिटावर पत्ता काय घालू? मी म्हटलं, काही घालू नकोस, ठेव कपाटात. तिला वाचता कुठे येतं. त्यापेक्षा त्या दुकानदाराकडे डबा पाठव. पुरणपोळ्या घाल, तुपाची वाटी वेगळी, कटाची आमटी बरणीत. भात नको. आमच्या घरचे तांदूळ त्याने पुष्कळ पाहिलेत.