बिघडवलेल्या अभ्यासाची व्यवस्था

मी, डॉ. भार्गवी माधवराव औराळकर, वय सत्तर, निवृत्त अध्यापक, राहणार विष्णुपुरी रस्ता, नांदेड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या आग्रहाने किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, हे मृत्युपत्र सांगून टाइप करून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. शिवशंकर यांनी मला तपासून दिला असून तो सोबत जोडला आहे. असा दाखला जोडलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. माझा भाचा आलोक म्हणेल, म्हणून जोडला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद पुढे आणल्यास तो माझा समजू नये.

मी लग्न केले नाही. मला मूलबाळ नाही. जवळचे वारस म्हणजे लातूरला राहणारा धाकटा भाऊ शरदचंद्र आणि त्याचा मुलगा आलोक. दोघे मिळून लातुरात कोचिंग क्लास चालवतात. खाली लिहिलेले घर मी माझ्या पगारातून बांधले आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. हे वाक्य वकीलबाईंनी दोनदा लिहायला सांगितले. मी एकदाच लिहिते आहे, पण आलोकने ते दोनदा वाचावे.

१. लातूरजवळच्या वडिलोपार्जित शेतातला माझा हिस्सा शरदचंद्राला द्यावा. आईची तांब्याची भांडी आणि ओसरीवरचा झोपाळाही त्यालाच. शरदला रक्तदाब आहे. गोळी घेतलीस का, असे फोनवर विचारले की तो हो म्हणतो, आणि त्याची बायको मागून मोठ्याने "न्हाई" म्हणते. ही पद्धत मला पुरी झाली आहे. भांडी नेण्याच्या दिवशी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी त्याचा रक्तदाब मोजावा आणि आकडा त्याच्या बायकोच्या हाती द्यावा.

२. माझ्याकडे विद्यार्थिदशेपासून असलेला हाडांचा सांगाडा आलोकला द्यावा. त्याच्या क्लासमधली मुले बरगड्यांची नावे पाठ करतात, बरगडी कोणी पाहिलेली नसते. त्यांनी पाहावी. आलोकला याखेरीज काही नाही. कारण पाचव्या कलमात आहे.

३. आता अभ्यासाविषयी. घर कोणाला आणि का, हे त्याशिवाय समजणार नाही.

एकोणीसशे पंच्याऐंशी साली मी मुदखेडजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नवीन डॉक्टर होते. चाळिशीच्या आतली, अंगाने वाळलेली, दिवसभर राबणारी माणसे यायची. कोणाची साखर वाढलेली, कोणाची मूत्रपिंडे संपत आलेली. पुस्तकात हे आजार सुखवस्तू, लठ्ठ माणसांचे होते. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा आजाराचा मधला नाहीतर शेवटचा भाग दिसतो. सुरुवात कोणी पाहत नाही, कारण तेव्हा तो धडधाकट असतो, आणि धडधाकट माणूस डॉक्टरकडे कशाला येईल? म्हणून मी ठरवले की सुरुवातीपासून पाहायचे. आजूबाजूच्या पाच गावांत जन्मलेल्या बाळांची वजने करायला लागले. पुढे दर दोन वर्षांनी त्याच मुलांची उंची, वजन, रक्तदाब, लघवी, रक्त. शरीरात आधी काय बदलते, मग काय, आणि त्या बदलाला आजार कधी म्हणायचे, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नाला वेळ लागतो, हे मी आयुष्यभर लोकांना समजावत आले आणि त्याचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. नंतर मी ज्या महाविद्यालयात शिकवले तिथल्या समितीने विचारले, "तीन वर्षांत निष्कर्ष काय येईल?" मी म्हटले, "तीन वर्षांत मुले बालवाडीत जातील." अनुदान मिळाले नाही. शरद दर दिवाळीत म्हणायचा, "ताई, अजून निकाल नाही? आमच्याकडं दोन वर्षांत लागतो." मुलींची लग्ने होऊन त्या उदगीर, देगलूर, कुठे कुठे गेल्या, मी एसटीने त्यांच्या सासरी गेले. एका सासूने मला कुटुंबनियोजनाची बाई समजून दारातून परत पाठवले, आणि नंतर खरोखरची कुटुंबनियोजनाची बाई आली तेव्हा तिला माझ्या नावाने शिव्या दिल्या.

तरीही माणसे टिकली आणि काही गोष्टी दिसू लागल्या. जन्मतः लहान असलेली सगळीच मुले पुढे आजारी पडली नाहीत. जी लहान जन्मली आणि मग शाळेच्या वयात भराभर पोटाने वाढली, त्यांचा रक्तदाब विशीतच थोडा वर सरकला. त्यांतल्या काहींच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली, म्हणजे मूत्रपिंडे बिघडू लागली. हे सगळे होत असताना माणसाला काहीच जाणवत नाही. आमच्या पाच गावांपुरते मी हे खात्रीने सांगते, त्यापुढचे सांगत नाही.

४. बालाजी हा या अभ्यासातला अगदी सुरुवातीचा मुलगा. जन्मला तेव्हा तळहातावर मावेल एवढा. मोठा होऊन लातूरला डाळमिलमध्ये हमाली करू लागला. सव्विसाव्या वर्षी त्याच्या लघवीत प्रथिने सापडली. मी त्याला समोर बसवून सांगितले, गोळ्या लिहून दिल्या. तो हसला.

"मॅडम, मी पोतं उचलून राहिलो ना. आजारी माणूस उचलतो का?"

"आज उचलतोस. पुढे उचलता येणार नाही, म्हणून सांगते."

"पुढचं पुढं बघू."

दोन महिने गोळ्या घेतल्या आणि बरे वाटते म्हणून सोडल्या. त्याला मुळात बरेच वाटत होते. पुढच्या फेरीत मी पुन्हा सांगितले, त्याच्या बायकोला सांगितले, मिलच्या मुकादमाला फोन केला. तेहतिसाव्या वर्षी, डायलिसिसवर असताना, तो गेला. वाईट वाटले, हे खरे. पण सगळ्यात जास्त राग आला. इतकी वर्षे मला पुढचे दिसत होते आणि ज्याचे होते त्याला दिसत नव्हते.

त्याची धाकटी बहीण तनुजा, हीदेखील अभ्यासातलीच, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बालाजी गेल्यावर काही आठवड्यांनी ती माझ्या घरी आली. चहा नको म्हणाली.

"दादाचं सगळं तुमच्याकडं हाय?"

"आहे."

मी आलेख दाखवला. तिने बोट ठेवले. "इथं तुम्हाला कळलं?"

"हो. आणि त्याच दिवशी त्याला सांगितलं."

"त्यानं गोळ्या सोडल्या हे कधी कळलं?"

"पुढच्या फेरीत."

"म्हंजे दोन वर्षांनी."

मी चिडले. सरकारी दवाखान्याने त्याला एकदाही बोलावले नव्हते, मी निदान सांगितले तरी होते, हे तिला सुनावले. आजही माझे म्हणणे तेच आहे. ती उठली नाही.

"दादासारखं अजून कुणाकुणाला सुरू झालंय, त्यांची नावं द्या."

"ती देता येत नाहीत. गोपनीय असतात."

"मग मीच विचारून येते."

आणि गेली. रविवारी स्कूटीवर पाचही गावे फिरली. लोकांनी मला तीसेक वर्षांत जे सांगितले नव्हते ते तिला अंगणात उभ्या उभ्या सांगितले: गोळ्या कोणी सोडल्या, कोणाच्या नवऱ्याने विकल्या, कोण मीठ कमी करतो म्हणून खोटे बोलते. तिने बायकांना दर महिन्याला शाळेत बोलावून रक्तदाब मोजायला सुरुवात केली. ज्यांच्या लघवीत प्रथिने होती त्यांच्या घरी ती स्वतः जाऊन गोळ्यांची पाकिटे बघायची. मला हे सगळे नंतर कळवायची, विचारायची कधीच नाही.

तेव्हा एका मोठ्या शहरातल्या संस्थेचे प्राध्यापक माझ्याबरोबर काम करत. त्यांनी कळवले की या हस्तक्षेपामुळे आजाराची नैसर्गिक वाटचाल बिघडते आहे, तो थांबवावा, आणि आधीच्या फेऱ्यांत मी गोठवून ठेवलेले रक्ताचे नमुने त्यांच्याकडे पाठवावेत. शास्त्र म्हणून त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी तनुजाला त्यांचे पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "वाटचाल बिघडावी म्हणूनच करून राहिले ना मी."

मी त्यांना कळवले की नमुने मिळणार नाहीत आणि अभ्यास बिघडलेलाच राहील. संबंध संपला. पुढच्या दोन फेऱ्यांत दिसले की तनुजाने ज्यांना धरून ठेवले, त्यांतल्या बहुतेकांची मूत्रपिंडे होती तिथेच थांबली आहेत. म्हणजे उतार सुरू झाल्यावरही थांबता येते, पण कोणीतरी दर महिन्याला दार वाजवावे लागते. हे मला तिच्या आगाऊपणातून कळले, याचा त्रास होतो. तनुजाने माझा अभ्यास बिघडवला. हे मी कायदेशीर कागदावर नोंदवून ठेवते.

५. निवृत्त झाले तेव्हा नमुन्यांच्या फ्रीझरला आमच्या महाविद्यालयात जागा नाही असे सांगण्यात आले. तो माझ्या घराच्या तळमजल्यावर आला. गेल्या उन्हाळ्यात शरदच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी लातूरला होते. तेवढ्यात आलोक इकडे घराची मापे घ्यायला आला. इथे क्लासच्या मुलांचे होस्टेल करायचे त्याच्या मनात होते, आणि मी अजून हयात आहे ही त्याला किरकोळ अडचण वाटली. बरोबरच्या इलेक्ट्रिशियनने मेन स्विच बंद केला आणि दोघे जेवायला गेले. शेजारच्या उमाबाईंना फ्रीझरची घंटा ऐकू आली. त्यांनी तनुजाला फोन केला, ती वर्ग सोडून मुदखेडहून आली, दार उघडून वीज चालू केली. तोवर वरचे थर मऊ पडू लागले होते, पण वितळले नव्हते. एवढ्या वर्षांचे रक्त थोडक्यात वाचले.

आलोक मला म्हणाला, "आत्या, मला काय माहीत? मला वाटलं आइस्क्रीमचा असंल."

त्याला माझे उत्तर हे कलम आहे.

त्याच महिन्यात तनुजाने शाळेत सगळ्यांची बैठक बोलावली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "हे रक्त आपलं हाय. मॅडमच्या घरात हाय म्हणून वाचलं. मॅडम नसल्यावर कुणाचं?" मला ते आवडले नाही. दोन महिने मी तिच्याशी कामापुरते बोलले. मग विचार केला की याला उत्तर द्यायचे तर दुसरे कोणते देणार?

म्हणून: माझे राहते घर, फ्रीझर, सर्व नमुने, सर्व नोंदी आणि बँकेतली शिल्लक, अभ्यासातल्या माणसांनी स्थापन केलेल्या 'मुदखेड परिसर आरोग्य न्यास' या संस्थेला द्यावी. तनुजा त्याची अध्यक्ष राहील. नमुने कोणत्याही अभ्यासकाला द्यायचे की नाही हे न्यासाची बैठक ठरवील. दिल्यास त्यातून जे निघेल ते आधी गावांत, मराठीत, उभे राहून सांगायचे, मग जगाला. वीजबिल भरणे हे न्यासाचे पहिले कर्तव्य राहील.

६. स्वयंपाकघरातले सर्व सामान आणि मागच्या लिंबाच्या झाडाची लिंबे उमाबाईंना. सहा-सात वर्षांपूर्वी माझी फोडणी करपून धूर झाला तरी मला वास आला नाही. उमाबाई धावत आल्या. "डॉक्टरीणबाई, नाक कुठं ठेवलंय?" त्या म्हणाल्या. मी सर्दीवर ढकलले. आता मला कंपवात आहे. त्यात हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षे आधी वास जाऊ शकतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होते. इतरांच्या सुरुवाती शोधत मी एसटीने मुलींची सासरची घरे पालथी घातली आणि माझी सुरुवात शेजारणीला दिसली. याबद्दल मला स्वतःचा जो संताप आहे तो कोणाला देऊन जाता येत नाही. डॉ. शिवशंकर यांच्या दाखल्याप्रमाणे बुद्धी शाबूत आहे.

७. माझे देहदान करावे. मेंदूची तपासणी होऊ शकत असेल तर ती व्हावी, कारण माझे रक्त मी गेली अनेक वर्षे त्याच फ्रीझरमध्ये ठेवत आले आहे आणि शेवट पाहिल्याशिवाय सुरुवातीचा अर्थ लागत नाही. शरदला हे रुचणार नाही. तो म्हणेल, ताईला अग्नी तरी द्यायला हवा होता. शरद, रडायचे तर रड, अडवू नकोस.

८. कंपवातामुळे माझी सही बँकेतल्या सहीपेक्षा बारीक झाली आहे. या कारणावरून कोणी वाद घालू नये. ती माझीच आहे.

९. व्यवस्थापक म्हणून अ‍ॅड. विशाखा कंधारकर यांना नेमते.

१०. अभ्यासातल्या मुलींची आता मुले होत आहेत आणि त्यांची वजने करणे चालू आहे. ही फेरी दर दोन वर्षांनी पोळ्यानंतर सुरू होते. माझा मृत्यू त्याच सुमारास झाल्यास तनुजा फेरी पुढे ढकलण्याचा विचार करील. तिने तसे करू नये. पहिल्या दिवशी कोणत्या गावापासून सुरुवात करायची हे तिने स्वतः ठरवावे. मला कळवण्याची गरज नाही, तशीही ती कळवत नव्हतीच.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

(सही) भार्गवी माधवराव औराळकर

आमच्यासमोर सही झाली. त्या वेळी बाई शुद्धीवर होत्या आणि टाइप करणाऱ्याच्या चुका काढत होत्या.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. शिवशंकर मठपती, नांदेड
२. (सही) बसलिंगप्पा हत्ते, निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड

ठिकाण: नांदेड
तारीख: १८ जुलै २०२५